माळ्यावरची झाडं

निंबाजी मास्तरांवर अन्याय झाला. केव्हा झाला तेही सांगतो, कारण आमच्याकडे अन्यायाची तिथी कोणी लिहून ठेवत नाही आणि मग चार वर्षांनी तो झालाच नव्हता असं ठरतं. पौष वद्य पंचमी. जळगावच्या बाजाराचा आदला दिवस. ऊन ओसरीतल्या जात्यापर्यंत आलं होतं, म्हणजे न्याहारी उरकायची वेळ. त्या वेळेला, त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत एका कागदावर एक शब्द लिहिला गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मास्तरांची शंभरावर झाडं जळून राख झाली.

घरात झाडं कुठून आली, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलो आहे.

जळगाव म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं, जामोदजवळचं. खानदेशातलं नव्हे, त्या जळगावानं आमची पत्रं आजवर पुष्कळ पळवली आहेत. इथल्या मराठी शाळेतून मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे दोन खोल्यांचं मातीचं घर, बायजाकाकू नावाची तिखट जिभेची बायको, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा आणि लाकडाचे तुकडे एवढंच होतं. तुकडे वीतभर लांबीचे. एका अंगाला साल तशीच ठेवलेली, दुसऱ्या अंगाला रंधा मारून जवसाचं तेल चोळलेलं. प्रत्येकाच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर चार गोष्टी: झाड कोणतं, उभं कुठं होतं, तुकडा दिला कोणी, आणि झाड गेलं कशानं. ‘वाऱ्यानं.’ ‘वीज पडून.’ ‘लेकीच्या लग्नात मांडवाले.’ ‘रेल्वेच्या स्लिपराले, नांदुऱ्याच्या बाजूनं.’ एका चिठ्ठीवर नुसतं ‘भावाभावाच्या भांडनात’ असं होतं. ते आंब्याचं झाड होतं. दोघांनी ते अर्धं अर्धं करून घेतलं आणि वीतभर तुकडा मास्तरांना आणून दिला, कारण तेवढ्या तुकड्यावरच काय ते दोघांचं एकमत झालं.

साग, सालई, धावडा, खैर, अंजन, मोह, टेंभुर्णी, हिवर, बाभूळ. सातपुड्याच्या कुशीतलं आणि खालच्या काळ्या रानातलं जे जे झाड पडलं, त्याचा एक वीतभर भाग या घरात आला.

आता कोणालाही वाटेल की हे घर म्हणजे सुताराचा अड्डा असणार. पाय ठेवायला जागा नसणार. मलाही वाटलं होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच थबकलो. समोरच्या खोलीत एक बाज, एक घागर, आणि पश्चिमेच्या भिंतीवर सागाची एक फळी. फळीवर सात तुकडे, दोहोंच्या मधे चार बोटांचं अंतर. बाकी भिंत शेणामातीनं सारवलेली, कोरी. बस्स.

“मास्तर, बाकीचे कुठं आहेत?”

त्यांनी बोट वर केलं. माळ्यावर जुन्या धोतराच्या धडप्यांत गुंडाळून, झाडाझाडांच्या जातीनं लावून ठेवलेले गठ्ठे होते.

“मग सातच काऊन?”

“आठवं बसवलं का पाहनारा मोजाले लागते,” मास्तर म्हणाले. “अन् मोजाले लागला का त्याचं पाहनं सरलं.”

हे वाक्य मी माझ्या एका हस्तपत्रकात घातलं होतं. लोकांनी ते वाचलं नाही. ते सोडा.

दर बाजाराच्या दिवशी सकाळी मास्तर फळीवरचे सात उतरवायचे आणि दुसरे सात चढवायचे. फळी त्यांनी मुद्दाम खाली ठोकली होती, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल एवढी. उभं राहून पाहणाऱ्याला ते म्हणत, “बस बाप्पा. झाडापुढं उभं राह्यलं का ते आपल्याले ठेंगनं वाटते.” मग तो बसे. मग मास्तर त्याला डोळे मिटायला लावत आणि एक तुकडा नाकाशी धरत. सालई कोणालाही ओळखता येई, तिला राळेचा वास. मोह ओळखला की मास्तर म्हणत, “याचा काही तुले सन्मान नाही, मोह तुह्या बापानंही ओळखला असता, अन् तेही कोसावरून.” डोंगराकडच्या गावांतून बाजाराला येणारी माणसं मिरच्या, तूर विकून झाली की मास्तरांच्या ओसरीवर येत आणि पहिला प्रश्न हाच विचारीत: “आज कोनाचं झाड बसलं?” झाड बसणं हा आमच्या गावचा शब्दच झाला होता. ज्याचं झाड बसलं असेल तो त्या दिवशी जरा ताठ चाले.

बायजाकाकूंना या सगळ्याचा जाच होता, असं त्या म्हणत. “सवत असती तं निदान भाकरी थापाले मदत झाली असती,” असं त्या माळ्याकडे पाहून बोलत. पण दसऱ्याला प्रत्येक गठ्ठा उतरवून, पुसून, कडुनिंबाचा पाला घालून परत बांधायचं काम त्या कोणालाही करू देत नसत. मास्तरांनाही नाही.

गावच्या देशमुखांनी नवा दिवाणखाना सजवला, तेव्हाची गोष्ट. हरणांची मुंडकी, बिलोरी हंड्या, चिनी मातीचे वाघ, तसबिरी, आरसे आणि भिंतीवर आठ घड्याळं. मास्तरांना मानानं बोलावलं. मास्तरांनी कोटाच्या गुंड्या लावल्या, जाऊन बसले, सगळं पाहिलं, आणि हात जोडून विचारलं, “साहेब, टाइम किती झाला?”

आठ घड्याळांत आठ वेळा. देशमुख हसले, पण त्यांना लागलं.

“खरं सांगा मास्तर, काय चुकलं आमचं?”

“चुकलं काहीच नाही. अठी बसाले जागा हाय, पाहाले नाही.”

देशमुख माणूस दिलदार. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी आपल्या बागेतल्या चंदनाचा तुकडा पाठवला, सोबत निरोप, की हा कायम फळीवर राहावा. मास्तरांनी उलट निरोप पाठवला: “पाळी आली का बसन.” आणि चंदन बाभळीच्या शेजारी गठ्ठ्यात गेलं. कोणाचंही झाड कायम बसणार नाही, कोणाचंही कायम वर राहणार नाही. माझ्यासारखे लोक समतेवर पानंच्या पानं छापतात. या माणसानं ती एका फळीवर करून दाखवली होती आणि तिला नावही दिलं नव्हतं.

नियम त्यांनी एकाच माणसासाठी बाजूला ठेवला. पारूबाई म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या गावची एक म्हातारी होती. तिच्या पोरानं लहानपणी परसात जांभूळ लावली होती. पोरगा साप चावून गेला, आणि पुढं कितीतरी वर्षांनी जांभूळही वादळात पडली. तुकडा तिनं स्वतः डोक्यावरच्या पाटीत, मिरच्यांखाली घालून आणला होता. ती दर बाजाराला येई, पण फळीकडे पाहत नसे. ओसरीवर मांडी घालून बसे आणि पदर पसरे. मास्तर शिडी लावून वर चढत, नेमका गठ्ठा सोडत आणि जांभळीचा तुकडा तिच्या पदरात ठेवत. तो पदरात घेऊन ती घटकाभर बसे. मग स्वतःच उठून परत देई.

मी एकदा म्हणालो, “मास्तर, हिच्यासाठी पाळी नाही का?”

“पाळी मांडन्याले असते लेका. हे मांडनं नव्हे. हे भेटनं हाय.”

त्या वर्षी कार्तिकानंतर गावात उंदीर पडू लागले. पुढं काय होतं ते वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं काखेत गाठ घेऊन निजली ती उठली नाहीत. प्लेग कमिटी बसली. गाव रिकामं करून शिवारात झोपड्यांत जायचं, घरं धुऊन काढायची, निरुपयोगी सामान जाळायचं, कपडे मोठ्या हंड्यांत उकळायचे, असा हुकूम निघाला. हुकुमाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. उलट मीच घरोघर पत्रकं वाटत होतो: घर मोकळं ठेवा, अडगळ काढा, उंदराला आसरा देऊ नका. आणि नमुना म्हणून मी मास्तरांच्याच घराचं वर्णन छापलं होतं.

पंचमीला सकाळी कमिटीचा कारकून मास्तरांच्या दारात आला. देशावरचा माणूस, वऱ्हाडात येऊन सहा महिने झालेले. मी त्याच्यासोबत होतो. याद्यांचे कोरे कागद माझ्या हातात होते. मी त्याला राक्षस करणार नाही, कारण तो नव्हता. जोडे काढून आत आला. फळी पाहून “वा!” म्हणाला. यादीत त्यानं पहिलं लिहिलं: ‘शोभेचे लाकडी नग सात, राखणे.’ मग वर पाहिलं.

“आणि माळ्यावर काय आहे?”

“लाकडंच हायत. सात मांडले फळीवर. बाकीचे वर टाकले हायत.”

“टाकलेले?”

“हाव. टाकले हायत.”

कारकुनानं मान हलवली आणि लिहिलं: ‘माळ्यावरील लाकूड, टाकाऊ.’

हाच तो शब्द.

आम्ही वऱ्हाडी माणसं पाहुणा आला की बाज टाकतो. रात्री अंथरूण टाकतो. दुधात साखर टाकतो. सहा वर्षांचं पोर झालं की त्याला शाळेत टाकतो. तर काय उकिरड्यावर टाकतो? टाकणं म्हणजे आमच्यात ठेवणं. जिथं असायला हवं तिथं ठेवणं. मास्तर म्हणाले, मी ते नीट वर ठेवलं आहे. कारकुनानं ऐकलं, मी ते टाकून दिलं आहे. दोघंही मराठीच बोलत होते. दोघंही खरं बोलत होते.

आणि मी तिथं उभा होतो. मी जळगावचा, पण शिकायला चार वर्षं बाहेर राहिलेला. मला दोन्ही मराठी येतात. मी तो शब्द ऐकला, तो लिहिलेलाही पाहिला, आणि माझ्या मनात एवढंच आलं की चला, हे घर लवकर आटोपलं. कागद मास्तरांपुढं सहीला धरला तोही मीच. त्यांचा चष्मा झोपडीत नेलेल्या बोचक्यात बांधला गेला होता. “तू पाह्यलं ना?” त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवारात हंडे चढले होते. लोक आपापले कपडे घेऊन रांगेत उभे. मास्तर बायजाकाकूंची लुगडी काखेत घेऊन माझ्या पुढं चार माणसं सोडून उभे होते. वारा आमच्याकडे वळला आणि धूर अंगावर आला. सगळ्यांनी तोंडं फिरवली. मास्तरांनी फिरवली नाही. त्यांनी डोळे मिटले.

“सालई हाय,” ते म्हणाले.

मग थोडं थांबून, “हा खैर.”

मग, “मोह.”

रांगेतल्या कोणाला वाटलं, म्हातारा तापात बरळतो आहे. कोणी दोन पावलं मागं सरकलं. मास्तर डोळे न उघडता एकेक नाव घेत होते, वर्गात हजेरी घ्यावी तसं. चंदनाचं नाव घेतलं आणि त्यांनी डोळे उघडले; सरपणात चंदन कोणी घालत नाही. मग ते धावत हंड्याकडे गेले. तोवर हंड्याखाली काय राहिलं होतं? दोन-चार तुकडे, तेही आतून लाल झालेले. धोतराचे धडपे केव्हाच गेले होते.

“हे माह्ये हायत,” ते म्हणाले.

हंड्यावरचा गडी घाबरला. “मास्तर, यादीत टाकाऊ लेहलं होतं. मले काय मालूम? इझवू का? पानी टाकू?”

मास्तरांनी हंड्यात पाहिलं. “नोको,” ते म्हणाले. “लोकाइचे कपडे अर्धे उकळले हायत.”

आणि परत येऊन रांगेत आपल्या जागी उभे राहिले.

मी त्यांच्यापाशी गेलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. ते फक्त म्हणाले, “तू पाह्यलं होतं ना रे?” त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दीड महिन्यानं गाव परत वसलं. मी कमिटीकडे गेलो. अर्ज केला, दुसरा केला, तिसरा केला. उत्तर मिळालं की नोंद रीतसर आहे, खाली मालकाची सही आहे, मालक साक्षर आहे, शिवाय शोभेचे सातही नग सुखरूप आहेत, तेव्हा तक्रार कशाची? कारकुनाला मी टाकणे म्हणजे काय ते समजावलं. त्यानं नोंद पुन्हा एकदा वाचली. “अहो, मग त्यांनी नीट मराठीत सांगायचं होतं,” तो म्हणाला. म्हणजे शेवटी गुन्हा आमच्या बोलीचाच.

पहिला बाजार भरला त्या दिवशी पारूबाई आली. ओसरीवर मांडी घालून बसली आणि पदर पसरला. मास्तर शिडीकडे गेले नाहीत. तिच्यासमोर खाली बसले.

“पारू, झाड जळलं.”

म्हातारीनं विचारलं, “कोनाच्या चुलीत?”

“चुलीत नाही. हंड्याखाली. लोकाइचे कपडे उकळाले.”

तिनं पदर गोळा केला. “मंग कामाले आलं म्हना,” ती म्हणाली. उठली. जाता जाता मास्तरांच्या खांद्याला तिनं हात लावला, धाकट्या भावाला लावावा तसा. त्यानंतर ती बाजाराला येते, मिरच्या विकते आणि दुसऱ्या रस्त्यानं परत जाते.

मागच्या पंधरवड्यात मला नांदुऱ्याला गाडी गाठायची होती, म्हणून सकाळीच निघालो आणि वाटेवर मास्तरांच्या दारात डोकावलो. आत जाता आलं नाही. खरंच जाता आलं नाही, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. त्या घरात, ज्या घरात भिंतीसुद्धा श्वास घेत होत्या, जमिनीवर सगळं पसरलेलं होतं. घागरी, पाट, सूप, कणगी, फाटकी गोधडी, कंदील, बायजाकाकूंचं पोलकं, शिडी आडवी, जुन्या वह्यांचे ढीग. माळा रिकामा. त्यांनी माळ्यावरचं, कोनाड्यातलं, पेटीतलं सगळं खाली आणून उघड्यावर मांडलं होतं. आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. तेच अक्षर. घागरीवर, ‘हे लागते.’ सुपावर, ‘हे लागते.’ तुटक्या पाटावर, ‘हेही लागते.’

“मास्तर, हे काय?”

“दिसू दे बाप्पा,” ते म्हणाले. “दिसते ते राह्यते.”

“माह्यावरही चिकटवतीन एक दिवस,” काकू बाहेरून म्हणाल्या. त्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापत होत्या. आत जागा नव्हती. नेहमीसारखं टोचून बोलल्या आणि त्यांनी तोंड धुराकडे वळवलं.

भिंतीवर फळी होती आणि तिच्यावर तेच सात तुकडे, पंचमीचे. त्यांच्यावर धूळ बसली होती. बदलायला दुसरे नव्हते आणि मास्तर तिकडे पाहतही नव्हते. दोरीचं एक भेंडोळं हातात घेऊन ते पसाऱ्यात मधोमध उभे होते. ते कुठं ठेवलं म्हणजे कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही, याची जागा शोधत. मी निघालो तेव्हाही ते तसेच उभे होते.

आता तुम्हाला सांगतो. हळहळू नका. हळहळीनं आमच्या जिल्ह्यात आजवर एक कागद हललेला नाही. झाडं परत येणार नाहीत, मास्तरांचं घर परत तसं होईल असं मला वाटत नाही, आणि मी माझ्या त्या ‘हो’बद्दल माफी मागत नाही, कारण ती द्यायला ते आता भानावर नाहीत. पण कमिटीचं दफ्तर जळलेलं नाही. त्या दफ्तरात, मास्तरांच्या नावाखाली, त्यांच्या सहीच्या वर, तो शब्द आजही आहे, आणि उद्या कोणी ते पान उघडलं तर निंबाजी मास्तरांनी आयुष्यभर टाकाऊ लाकूड जमवलं असंच वाचेल. कमिटी येत्या अमावास्येला तहसिलीच्या आवारात बसते. तुम्ही त्या दिवशी या. अर्ज घेऊन नको, तोंड घेऊन या. ते पान उघडायला लावा, टाकाऊ हा शब्द तुमच्यासमोर खोडायला लावा, आणि त्याच्या जागी ‘ठेवलेलं’ असं लिहिलं जाईपर्यंत तिथून हलू नका.